गोंगूझलर तांबेकाका

मला इंग्रजी येत नाही. आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी सुरू व्हायचं आणि माझी शाळा चौथीला सुटली. रेशन, गॅस, टेन्शन असे शब्द येतात, पण ते आता आपलेच झालेत, त्यांना कुणी इंग्रजी म्हणत नाही. अगदी अस्सल इंग्रजी म्हणावा असा एकच शब्द मला येतो. गोंगूझलर. तो मला शेजारच्या तांबेकाकांनी दिला. नंतर तो मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नाही, त्यामुळे तो शब्द आठवला की तांबेकाकाच समोर येतात. पांढऱ्या भुवया, काखेत मिटलेली छत्री, तोंड किंचित उघडं, आणि नजर समोर कुठेतरी चाललेल्या कामावर.

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा वाशी अजून व्हायची होती. खाडीवर मोटारींचा पूल झाला होता आणि बैठ्या घरांच्या काही ओळी उठल्या होत्या. बाकी सगळीकडे मुरुमाचे ढीग, सिमेंटचे पाइप आणि खणलेले चर. आमच्या ह्यांना तुर्भ्याच्या पट्ट्यात कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही कराडकडून इथे आलो. सामानाचा टेंपो दाराशी लागला. माझ्या माहेरचं लोखंडी कपाट चार माणसं उतरवत होती, आणि शेजारच्या पायरीवर एक गृहस्थ छत्री टेकून नुसते बघत उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याकडे किंवा माझ्या वस्तूंकडे कुणी टक लावून बघितलं तर मी पदर ओढून आत पळायची, तशीच पळाले. कपाट आत आलं तसे ते दाराशी येऊन म्हणाले, "छान उतरलं हो कपाट. उंबऱ्याशी मला जरा धाकधूक होती."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, हात लावायचा सोडून बघत काय बसता? काय म्हणतील नवीन माणसं!"

"हात लावायला चौघं होते," काका शांतपणे म्हणाले. "बघायला कुणीच नव्हतं."

तांबेकाकांनी सगळी नोकरी मुंबईत एका कचेरीत काढली. टेबल असं लागलं होतं की मान वर केली की समोर फायलींचं कपाट. नोकरीला लागले तेव्हा ते हिरवं होतं, मग राखाडी झालं, आणि निवृत्त होताना कुणीतरी त्याला पुन्हा हिरवा रंग देत होतं. "तेवढंच काय ते मी नोकरीत बघितलं," असं ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशात त्यांनी वाशीला घर घेतलं. लोक म्हणत, त्या जंगलात कशाला जाता, तिथे काहीच नाही. काका म्हणायचे, काहीच नाही म्हणून तर चाललो, सगळं होताना दिसेल.

आणि त्यांनी सगळं होताना पाहिलं. गटाराची लाइन पाहिली, विजेचे खांब उभे राहताना पाहिले, पाण्याची टाकी पाहिली. सकाळी भाकरी खाऊन, छत्री आणि घडीचं स्टूल घेऊन ते निघत. वाटेत भुईमुगाच्या शेंगांची पुडी घेत. शेंगा संपल्या की टरफलं पुन्हा पुडीत भरून घरी आणायचे, कारण दुसऱ्याच्या कामावर कचरा करायचा नाही. त्यांचे आणखीही नियम होते. काम करणाऱ्याच्या सावलीत उभं राहायचं नाही. बोट दाखवायचं नाही. आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. "सल्ला दिला की बघणारा संपला, मुकादम सुरू झाला," असं ते म्हणायचे.

लोक हसायचे. टोपलीत मासळी घेऊन गावातून येणारी वेणूबाय मला म्हणायची, "तुजा शेजारी परत खड्ड्याशी उभा हाय गो. काय पडलाय त्याचा तिकरं?" मी लाजून खाली बघत मासळी निवडायची. काकू मात्र कपाळाला हात लावायच्या. "चार माणसांत काय सांगू मी? लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर भजनाला जातात, पत्ते खेळतात. आमचे खड्ड्याला जातात."

एकदा काकांना ताप आला आणि ते काही दिवस घरीच होते. आमच्या ओळीमागे तेव्हा पाइप टाकायचं काम चालू होतं. संध्याकाळी तिथला मुकादम तांब्यांच्या दारात आला. मराठवाड्याकडचा, अंगाने आडवा, डोक्याला टॉवेल.

"बाबा कुठंयत? गावाला गेले का?"

"आजारी आहेत," काकू म्हणाल्या. "का? काही केलं का त्यांनी?"

"न्हाई ओ. पोरं ईचारायलीत. बाबा नसले की काम कोनाला दाखवावं, कळंना."

काकूंनी त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "शालन, ऐकलंस का गं? ह्यांना शोधत आला तो." बोलल्या रागाने, पण दुसऱ्या दिवशी काकांना लवकर बरं वाटावं म्हणून कोंबडीचा रस्सा केला त्यांनी.

तोवर ह्या बघण्याला नाव नव्हतं. नाव मिळालं ते रेल्वेचा पूल बांधायला लागले तेव्हा. मोटारींच्या पुलाशेजारी खाडीत खांब उठू लागले आणि तांबेकाका बाकी सगळं सोडून किनाऱ्यावर स्टूल टाकून बसू लागले. तिथे दक्षिणेकडचे एक तरुण इंजिनियर होते. ते एक दिवस हसत काकांपाशी आले आणि म्हणाले, "अंकल, आप तो पक्के गोंगूझलर हो."

काकांना वाटलं, उठवताहेत. ते स्टुलाची घडी करायला लागले. तर इंजिनियरने त्यांना हाताला धरून परत बसवलं आणि सांगितलं, की ते शिकायला इंग्लंडला होते. तिथे जुने खोदलेले कालवे आहेत. कालव्यात दारं असतात. बोट दारात शिरते, पाणी भरतं, बोट वर चढते, दार उघडतं, बोट पुढे जाते. आणि काठावर काही माणसं तासन् तास हे बघत उभी असतात. त्यांना बोटीत बसायचं नसतं, कुठे जायचं नसतं. बोटवाले अशा माणसांना गोंगूझलर म्हणायचे. आधी थट्टेने, मग सवयीने, आणि आता तर ती माणसं स्वतःच स्वतःला तसं म्हणवून घेतात.

काकांनी विचारलं, शब्द आला कुठून? इंजिनियर म्हणाले, नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण तिकडच्या एका खेडवळ भागात दोन जुने बोलीतले शब्द आहेत. एकाचा अर्थ टक लावून बघणं, दुसऱ्याचाही जवळपास तोच, तोंड उघडं टाकून बघणं. ते दोन जोडून झाला असावा, असं जाणकार म्हणतात.

त्या संध्याकाळी काका हे सगळं सांगायला आमच्या दाराशी आले. मी भाजी निवडत होते.

"एकच गोष्ट दोनदा का सांगितली असेल, सांग बरं शालन."

मी भाजी बाजूला ठेवली.

"एकदा बघून भागत नाही म्हणून!" आणि स्वतःच खूश होऊन हसले.

काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "बघ्या म्हणा की सरळ! आपल्याकडे आहे तो शब्द."

"बघ्या निराळा," काका म्हणाले. "बघ्याला भांडण लागतं, अपघात लागतो. आणि तो गर्दीत असतो. आपल्याला काम लागतं, आणि आपण एकटे असलो तरी चालतं."

मग तो शब्द त्यांच्या घरात राहायलाच आला. "जरा गोंगूझलिंग करून येतो." "आज गोंगूझलिंगला वारा फार होता." ओळीतली मुलं त्यांना गोंगूकाका म्हणू लागली. एक दिवस त्यांनी मलाही पकडलं. पुलाच्या कामावर मोठा हातोडा खांब ठोकायचा, तो आमच्या मागच्या खिडकीतून लांबवर दिसायचा. हातोडा खाली यायचा तेव्हा आवाज नसायचा. तो परत वर जायला लागला की मग धप्प ऐकू यायचं. ते मला फार आवडायचं. मी पडद्याआडून बघत बसायची आणि कुणी आलं की पडदा सोडून द्यायची.

"ते चोरून कशाला बघतेस?" काका म्हणाले. "पडदा बाजूला करून बघ. बघण्याने काही कमी होत नाही कुणाचं."

पण ह्या बघण्याने एक गोष्ट खरंच अडली होती. काकांची मुलगी सुमन बालवाडीत शिकवायची. चांगली उंच, हसरी मुलगी. तिची दोन स्थळं आली आणि दोन्ही मुलगी पसंत पडूनही गप्प झाली. मग मध्यस्थाकडून कळलं. त्या लोकांनी वसाहतीत चौकशी केली, तर कुणीतरी म्हणालं, "तांबे? ते दिवसभर खड्डे बघत उभे असतात ते?" त्यांना वाटलं, बापाच्या डोक्यात काहीतरी आहे. उद्या नातवंडांत उतरलं तर?

सुमन वडिलांना काही बोलली नाही. काकांनीच बाहेर जाणं बंद केलं. दिवसभर खुर्चीत बसायचे, समोर घरातलं कपाट. शेवटी सुमनच म्हणाली, "बाबा, जा हो तुम्ही. तुम्हाला असं बसलेलं मला बघवत नाही."

तिसरं स्थळ पनवेलच्या साळवींचं आलं. मुलगा प्रकाश गोदामाच्या ऑफिसात होता. नात्यातल्या एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं. कोणती साडी नेसू, असं सुमनने मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, तेव्हाच मला काय ते कळलं. काकूंनाही कळलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांनी काकांना समोर बसवलं.

"विचारलं काय करता, तर म्हणायचं वाचन करतो."

"मी वाचन करत नाही."

"मग समाजकार्य म्हणा."

"तेही नाही करत."

"मग गप्प बसा."

"ते जमेल," काका म्हणाले.

पाहुणे आले. जयभीम, जयभीम झालं. बुद्धाच्या तसबिरीला सुमनने सकाळीच हार घातला होता. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते, पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. साळवीसाहेब म्हणजे मुलाचे वडील, शाळेत हेडक्लार्क होते, बोलणं एकदम कडक. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

"आणि तांबेसाहेब, निवृत्तीनंतर आपण काय करता?"

माझ्या हातातला झारा थांबला. गप्प बसायचं ठरलं होतं, पण सरळ विचारलेल्या प्रश्नाला गप्प बसणं काकांना उद्धटपणा वाटला असणार.

"मी गोंगूझलर आहे," ते म्हणाले.

"अस्सं, अस्सं," साळवीसाहेब म्हणाले. शब्द आपल्याला माहीत नाही हे मुलीकडच्यांना कसं दाखवायचं? "कुठे असतं काम?"

"खाडीच्या पुलावर," काकूंनी घाईने सांगितलं.

"रेल्वेच्या! वा. पगार की मानधन?"

"नाही हो. काहीच घेत नाही," काका म्हणाले.

"म्हणजे मानद," साळवीसाहेब बायकोकडे वळून म्हणाले. त्यांच्या बायकोने मान डोलावली. सुमनने पोह्यांचा ट्रे न्यायला आत येऊन तोंडात पदर कोंबला. हसतेय की रडतेय ते मला कळेना. पाहुणे जाताना पसंती सांगूनच गेले.

काकू खूश होत्या. काकांचं मात्र जेवणावरून मन उडालं. ते आमच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"शालन, मी खोटं बोललो का गं?"

"नाही काका. खरं तेच बोललात."

"मग त्यांना भलतंच कसं कळलं?"

साखरपुड्याच्या आधी साळवींना सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. काकू रडल्या, भांडल्या. "मोडेल हो लग्न! मुलीचं तोंड बघितलंत का?"

"नंतर कळलं तर तिला ऐकून घ्यावं लागेल, जन्मभर. मी थोडाच तिथे असणार?" काका म्हणाले. "आत्ता कळलं तर मला ऐकून घ्यावं लागेल. मला चालेल."

त्यांनी साळवीसाहेबांना निरोप धाडला, एकदा माझं कामाचं ठिकाण बघायला या. काकूंचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी थर्मास माझ्या हातात दिला. "तू जा. तुझ्यासमोर ते आवाज चढवणार नाहीत. साळवींचा पारा चढायला लागला की चहा दे."

साळवीसाहेब इस्त्रीचा सफारी घालून आले. त्यांना वाटलं असेल टेबल असेल, पाटी असेल. काकांनी आपलं स्टूल झाडून त्यांना दिलं आणि स्वतः दगडावर बसले. मी मागे थोड्या अंतरावर, थर्मास मांडीवर धरून. त्या दिवशी दोन खांबांवर लोखंडी तुळई बसवायची होती. भरतीच्या पाण्यावर मोठ्या सपाट बोटीतून ती तुळई दोन खांबांच्या डोक्यावर आणून धरली होती. आता ओहोटी लागली की बोट हळूहळू खाली जाणार आणि तुळई आपोआप खांबांवर टेकणार. ढकलणार कुणी नाही, पाणीच तिला बसवणार.

"ऑफिस कुठेय?" साळवीसाहेबांनी विचारलं.

"हेच," काका म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कालवे, बोटी, काठावरची माणसं, ते दोन जुने शब्द. काही लपवलं नाही.

साळवीसाहेब लाल झाले. "म्हणजे हे पद नाही?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही नुसते बघता?"

"हो."

"आमच्या कानावर आलं होतं, वसाहतीत कुणी एक म्हातारा खड्डे बघत..."

"तोही मीच."

मी थर्मासचं झाकण उघडलं, पण साळवीसाहेब उठून उभे राहिले होते. काकाही उठले. "तुमचा राग बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त मुलगी माझ्यासारखी नाही, हे ध्यानात ठेवा. तिला कामं असतात." एवढं बोलताना त्यांनी छत्री दोन्ही हातांनी धरली होती. त्यांना मी असं कधीच पाहिलं नव्हतं.

साळवीसाहेब वळले. तेवढ्यात खाडीत शिट्टी वाजली. कामगारांनी दोर ताणले. साळवीसाहेबांनी मान वळवली. पाणी उतरायला लागलं होतं. तुळई खाली येत होती, पण डोळ्यांना कळणार नाही इतकी हळू. खांब आणि तुळईमधून पलीकडचं आभाळ दिसत होतं, त्याची पट्टी बारीक होत चालली होती. साळवीसाहेब उभ्या उभ्या बघत राहिले. मग बघता बघता स्टुलावर बसले. मी पुढे केलेला चहा त्यांनी न बघता घेतला. ऊन कलायला लागलं.

काकांना शेवटी राहवेना. त्यांची नजर आज पुलावर नव्हतीच. "साळवीसाहेब, मग... आमच्या सुमनचं..."

"थांबा हो!" साळवीसाहेब हात वर करून म्हणाले. "टेकू द्या आधी."

आणि ती टेकली. लांबून एक जडसा आवाज आला, बोट तुळईखालून मोकळी झाली, कामगार ओरडले. साळवीसाहेबांनी किती वेळ धरलेला श्वास सोडला, त्यांनाच ठाऊक. काकांनी सगळं बघितलं, पण ते साळवीसाहेबांच्या चेहऱ्यावर.

परत येताना साळवीसाहेब म्हणाले, "हे रोज असतं?"

"रोज एवढं नसतं. पण काहीतरी असतं."

"हं." थोडं चालून ते पुढे म्हणाले, "एक करा तांबे. आमच्या घरात मात्र तुम्ही मानदच राहा. आमच्या हिने गल्लीभर सांगितलंय."

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव घालत होते, तेव्हा दोन्ही व्याही नवे कपडे घालून बांबू बघत उभे होते. काकू मला म्हणाल्या, "एक होता तो बरा होता गं."

पुढे उरणकडे नवं बंदर होऊ लागलं आणि प्रकाशला तिकडे नोकरी मिळाली. सुमनला दिवस गेले होते. तिने आईवडिलांना राहायलाच बोलावलं. "आम्ही नातवासाठी चाललोय," काकू सगळ्यांना सांगत होत्या. "मी नातवासाठी. हे क्रेनसाठी."

निघायच्या दिवशी दाराशी टेंपो लागला. काकांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं. त्यांची कंबर धरली होती, त्यामुळे मागे वळून बघता येत नव्हतं आणि ते फार बेचैन होते. हमाल त्यांचं कपाट चढवत होते. ओळीतल्या बायका डबे, बोचकी आणून देत होत्या. मीही हात लावायला निघाले, पण मग थांबले. आमच्या पायरीवर आले आणि सगळ्यांच्या देखत, पदर न ओढता, उभी राहून बघत राहिले. कपाट तिरकं झालं, फळीला अडलं, एकाने खालून खांदा दिला आणि ते आत गेलं.

टेंपो सुरू झाला. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मला विचारलं, "चढलं का गं नीट?"

"छान चढलं काका," मी म्हणाले. माझा आवाज ओळभर ऐकू गेला असेल. "फळीशी मला जरा धाकधूक होती."

काका हसले. टेंपो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत त्यांची छत्री खिडकीतून बाहेर होती. मी तिथेच उभी होते.